शनिवारची शर्यत आणि फिरती शर्यत : नॉर्थ विल्क्सबरो बंद का पडलं, बोमन ग्रे चालू का राहिलं?

ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला आपल्यापैकी बरेच जण 421 नंबरच्या हायवेने बूनकडे जातात. विल्क्सबरो आलं की रस्त्यालगत एक जुना रेस ट्रॅक दिसतो. आमच्या गाडीत दर वर्षी कुणीतरी विचारतं, "हे काय आहे?" आणि उत्तर देईपर्यंत ट्रॅक मागे गेलेला असतो. म्हणून यंदा लिहूनच काढतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

विषय गाड्यांच्या शर्यतीचा आहे, पण फक्त तेवढाच नाही. 2021 मध्ये आपल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या बजेटमध्ये या एका ट्रॅकसाठी 1 कोटी 80 लाख डॉलर ठेवले गेले. शार्लटच्या ट्रॅकला 1 कोटी 30 लाख, रॉकिंगहॅमला 90 लाख. हे पैसे केंद्राच्या कोविड मदतनिधीतले. म्हणजे तुमचे-आमचेच. तेव्हा रेसिंग आवडो न आवडो, हा ट्रॅक मुळात ओस का पडला होता, हे कळून घ्यायला हरकत नाही.

आधी एक साधा फरक. इथे स्टॉक कार रेसिंग दोन प्रकारचं आहे. एक टीव्हीवर दिसतं ते, म्हणजे फिरती मालिका. तमाशाचा मोठा फड जसा आज या गावात, उद्या त्या गावात, तसं. आज डेटोना, पुढच्या आठवड्यात दुसरं राज्य. ट्रक, गाड्या, ड्रायव्हर, कॅमेरे सगळं घेऊन येतात, खेळ करतात, रात्रीत सामान बांधून जातात.

दुसरं म्हणजे आठवड्याचं रेसिंग. एकच ट्रॅक, तेच ड्रायव्हर, तेच प्रेक्षक, दर शनिवारी रात्री. ड्रायव्हर आठवडाभर गॅरेजमध्ये, शेतावर नाहीतर कारखान्यात काम करतो आणि शनिवारी गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर आणतो. गाडीवर गावातल्या टायरवाल्याचं आणि हॉटेलवाल्याचं नाव. दर शर्यतीचे गुण मिळतात, मोसम संपला की त्या ट्रॅकचा चॅम्पियन ठरतो. बक्षीस इतकं लहान की बहुतेकांचा टायरचा खर्चही निघत नाही. ट्रॅकचं उत्पन्नही छोट्या छोट्या गोष्टींतून येतं: पुढच्या गेटवर प्रेक्षकांची तिकिटं, मागच्या गेटवर ड्रायव्हर आणि त्याच्या मदतनीसांचे पास, आणि कॅन्टीन. हो, स्पर्धक स्वतः पैसे देऊन आत येतो! या सगळ्या गणिताचा पाया तोच आहे.

आता मागे जाऊ.

विल्क्स काउंटी डोंगराळ, गरीब, आणि चोरट्या दारूसाठी देशभर प्रसिद्ध. कर चुकवून गाळलेली मका-दारू रात्री शहरात पोचवायची तर गाडी पोलिसांच्या गाडीपेक्षा वेगवान हवी. बाहेरून साधी दिसणारी फोर्ड, आत इंजिनावर मेहनत, आणि वजनाने गाडी मागे बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगा जाड केलेल्या. ही पोरं रविवारी कुणाच्या तरी कुरणात एकमेकांशी शर्यती लावायची. लोक बघायला जमायचे. सुरुवात झाली ती अशी.

पण त्या काळात एक मोठी अडचण होती. शर्यती भरवणारे सगळेच सरळ नव्हते. काही जण शर्यत चालू असतानाच तिकिटांचा गल्ला घेऊन पसार व्हायचे. प्रत्येक ट्रॅकचे नियम वेगळे, चॅम्पियन तर गल्लोगल्ली. डिसेंबर 1947 मध्ये बिल फ्रान्स याने डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली आणि फेब्रुवारी 1948 मध्ये नॅसकार ही संस्था नोंदवली गेली. एक नियमपुस्तक, एक गुणपद्धत, बक्षिसाची हमी. हे काम गरजेचंच होतं. फिरत्या मालिकेला नुसतं खलनायक ठरवणाऱ्यांनी एवढं मान्य करायला हवं.

19 जून 1949 ला शार्लटमध्ये नव्या मालिकेची पहिली शर्यत झाली. पहिला आला ग्लेन डनअवे. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या. दारू वाहणारी गाडी होती ती! त्याला बाद करून कॅन्ससच्या जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे ज्या युक्तीतून हा खेळ जन्मला, ती युक्ती खेळ अधिकृत झाला त्याच दिवशी बेकायदा ठरली.

नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक याच्याही आधीचा, 1947 चा. एनॉक स्टेली आणि त्याच्या भागीदारांनी बांधला. लांबी सव्वा सहाशे सहस्रांश मैल, म्हणजे 0.625. पुढची बाजू उताराची, मागची चढाची. जमीन सपाट करायला पैसे उरले नव्हते म्हणून तशीच ठेवली, अशी कथा सांगतात. 1949 च्या त्या पहिल्या मोसमाची शेवटची शर्यत इथेच झाली.

याच काउंटीतला पोरगा ज्युनियर जॉन्सन. शेतात खेचरामागे नांगर धरलेला असताना भावाने शर्यतीला बोलावलं, असं ते स्वतः सांगायचे. 1956 मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडले गेले, 11 महिने ओहायोच्या तुरुंगात काढले, परत आले आणि कारकिर्दीत एकूण 50 शर्यती जिंकले. 1986 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी माफी दिली. पुढच्या गोष्टीत ते परत येणार आहेत, नाव लक्षात ठेवा.

सुरुवातीची वीस वर्षं फिरती शर्यत आणि शनिवारची शर्यत यांच्यात भिंत नव्हती. 1964 च्या मोसमात वरच्या मालिकेच्या 62 शर्यती झाल्या. नीट वाचा, बासष्ट. बुधवारी, गुरुवारी रात्री, लहान लहान गावांत, शंभर मैलांच्या. रिचर्ड पेटीसारखा मोठा ड्रायव्हर तुमच्या गावच्या मातीच्या ट्रॅकवर यायचा, आणि तुमच्या गावचा शनिवारचा चॅम्पियन त्याच्या शेजारी उभा राहून शर्यत धरायचा. हरायचा बहुधा, पण धरायचा. फड गावात यायचा तेव्हा गावातल्या गड्यालाही त्यात उतरता येत होतं.

खालच्या गटांत तर याहून सोय होती. मॉडिफाइड आणि स्पोर्ट्समन या गटांत देशाचं विजेतेपद आठवड्याच्या ट्रॅकवर मिळवलेल्या गुणांवरून ठरायचं. शुक्रवारी एका ट्रॅकवर, शनिवारी दुसऱ्या, रविवारी तिसऱ्या. 1956 चा स्पोर्ट्समन विजेता कनापोलिसचा राल्फ अर्नहार्ट, म्हणजे डेल अर्नहार्टचे वडील. माणूस मुख्यतः आपल्या पट्ट्यातल्या ट्रॅकवर धावायचा. हिकरीच्या ट्रॅकचं विजेतेपद त्याने पाच वेळा घेतलं. घर न सोडता राष्ट्रीय विजेता होता येत होतं, हे महत्त्वाचं.

मग आलं 1971.

त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. विन्स्टन-सेलमच्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीकडे जाहिरातीचा पैसा पडून राहिला. ज्युनियर जॉन्सन आपल्या टीमसाठी स्पॉन्सर मागायला त्यांच्याकडे गेले. कंपनी म्हणाली, आम्हाला याहून बराच जास्त खर्च करायचाय. जॉन्सननी त्यांना नॅसकारकडे पाठवलं. विन्स्टन कपचा जन्म असा झाला.

मोठ्या स्पॉन्सरला आठवड्यातून तीनदा लहान गावात झेंडे लावायचे नव्हते. त्याला मोठे ट्रॅक, रविवार आणि वर्तमानपत्रांतली मोठी बातमी हवी होती. 250 मैलांपेक्षा लहान शर्यती बाद झाल्या. 1971 मध्ये 48 शर्यती होत्या, 1972 मध्ये 31. मातीवरची शेवटची शर्यत 1970 च्या सप्टेंबरमध्ये रालेच्या फेअरग्राउंड्सवर झाली होती. पेटी जिंकला. त्यानंतर वरच्या मालिकेला माती लागायला 2021 उजाडावं लागलं.

आता हिशेब बघा. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम, फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा ट्रॅक. 250 मैल म्हणजे तिथे हजार फेऱ्या. अशक्य. वगळलं. हिकरी, तेही लहान. वगळलं. नॉर्थ विल्क्सबरो: 400 फेऱ्या गुणिले 0.625, बरोबर 250 मैल! काठावर पास.

गंमत अशी की ज्याच्या नावावर ते स्टेडियम आहे, तो बोमन ग्रे हा त्याच रेनॉल्ड्स कंपनीचा एकेकाळचा प्रमुख. कंपनीच्या पैशाने कंपनीच्याच गावातला ट्रॅक यादीतून उडाला.

त्या वेळी कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं: नॉर्थ विल्क्सबरो वाचलं, बोमन ग्रे आणि हिकरी बुडाले.

झालं नेमकं उलटं.

बोमन ग्रेवर 1949 पासून उन्हाळ्यात दर शनिवारी शर्यत होते. 2020 चा कोविडचा उन्हाळा सोडला तर खंड नाही. नॅसकारच्या छताखाली सर्वांत जास्त काळ चाललेला आठवड्याचा ट्रॅक तोच. मोठे ड्रायव्हर येईनासे झाले तरी लोक येत राहिले, कारण लोक मुळात मोठ्या ड्रायव्हरसाठी येत नव्हतेच. मागच्या शनिवारी ज्याने आपल्या माणसाला भिंतीत घातलं, त्याचं आज काय होतं ते बघायला येत होते. गोष्ट दर आठवड्याला पुढे सरकत होती. एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या तिथे धावल्या. हिकरीचंही तसंच. ट्रॅक 1951 चा, वरची मालिका 1971 ला गेली, शनिवार चालूच.

नॉर्थ विल्क्सबरोचं गणित मात्र वर्षातल्या दोन मोठ्या शर्यतींवर उभं राहिलं. एप्रिलमध्ये एक, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक. त्या दोन आठवड्यांत हॉटेलं भरायची, चर्चवाले पार्किंग विकायचे, शाळेच्या बँडची पोरं खाऊ विकायची. बाकीचं वर्ष शांत.

तिकडे फिरती शर्यत मोठी होत गेली. 18 फेब्रुवारी 1979 ला डेटोना 500 पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर थेट दाखवली गेली. पूर्वेकडे बर्फाचं वादळ, लोक घरात अडकलेले, आणि शेवटच्या फेरीत दोन गाड्या आपटून ड्रायव्हरांची मैदानातच हाणामारी. देश बघतच राहिला. 1982 मध्ये स्पोर्ट्समन गटाची ठरलेल्या वेळापत्रकाची वेगळी मालिका झाली. 1985 मध्ये मॉडिफाइडची झाली. आता राष्ट्रीय विजेता व्हायचं तर गाव सोडून फिरणं भाग होतं. न्यूयॉर्कचा रिची इव्हान्स, मॉडिफाइडचा नऊ वेळा विजेता. आठ विजेतेपदं त्याने जुन्या पद्धतीने घेतली, नववं नव्या मालिकेतलं पहिलंच. ते नक्की झाल्यावर त्याच ऑक्टोबरमध्ये मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर सरावात त्याचा मृत्यू झाला.

1982 मध्येच आठवड्याच्या ट्रॅकसाठी विन्स्टनच्या नावाने वेगळी विजेतेपदाची योजना सुरू झाली, हेही नोंदवायला हवं. पैसे आले, सन्मान आला. पण दोन जगं आता कागदावरही वेगळी झाली. वर एक शिडी, खाली एक मैदान, आणि मधल्या पायऱ्या दर वर्षी महाग.

1992 मध्ये शार्लटच्या मोठ्या ट्रॅकवर दिवे लागले आणि शनिवारी रात्री मोठी शर्यत झाली. नंतर अशा रात्री वाढल्या. शनिवारची रात्र लहान ट्रॅकची हक्काची होती. तिथेच टीव्हीवर फुकट मोठा खेळ दिसायला लागला. 2001 पासूनचा सहा वर्षांचा टीव्ही करार होता 240 कोटी डॉलरचा. एवढ्या पैशापुढे काउंटीचा ट्रॅक म्हणजे काय?

मे 1995 मध्ये एनॉक स्टेली गेले. ट्रॅकची अर्धी मालकी शार्लटच्या ब्रूटन स्मिथ यांनी भागीदार कुटुंबाकडून घेतली. उरलेली अर्धी न्यू हॅम्पशायरच्या बॉब बाहर यांनी स्टेलींच्या वारसांकडून घेतली. दोघांनाही ट्रॅक नको होता, त्याच्या तारखा हव्या होत्या. स्मिथ टेक्सासमध्ये दीड लाखांहून अधिक माणसं बसतील असा ट्रॅक बांधत होते. एक तारीख तिकडे गेली, दुसरी न्यू हॅम्पशायरला. 29 सप्टेंबर 1996 ला जेफ गॉर्डनने शेवटची शर्यत जिंकली आणि गेटला कुलूप लागलं.

त्यात बेकायदा काही नव्हतं. आपल्याला पटकन एक दुष्ट माणूस शोधायची सवय असते, म्हणून हे सांगतो. मालकाने माल विकला, घेणाऱ्याने घेतला. पण जे विकलं गेलं ती जमीन नव्हती, डांबर नव्हतं. ती होती मोठ्या मालिकेच्या वेळापत्रकातली जागा. गावाला वाटत होतं ती आपली आहे. ती कधीच गावाची नव्हती.

शनिवार मात्र असा उचलून टेक्सासला नेता येत नाही. बोमन ग्रेचा शनिवार विकत घेऊन दुसरीकडे लावला तर तिथे कोण येणार? त्याची किंमतच त्या ड्रायव्हरांत, त्या भांडणांत, त्या बाकांवर आहे. शिवाय ते स्टेडियम शहराच्या मालकीचं, 1930 च्या दशकातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं. हिकरी खाजगी आहे, तरी टिकलं. तेव्हा माझ्या मते मालकीपेक्षा शनिवार जास्त महत्त्वाचा. पण मालकीही थोडी मदत करतेच.

विल्क्सबरोचं पुढे काय झालं? 2010-11 मध्ये थोडे दिवस काही शर्यती झाल्या, परत बंद. लोखंड गंजलं, डांबरातून गवत उगवलं. त्याच सुमारास काउंटीचं इतरही बरंच काही गेलं होतं. लोज ही कंपनी मूळ नॉर्थ विल्क्सबरोची, माहीत होतं का? तिचं मुख्य कार्यालय मूर्सव्हिलला गेलं. 2019 मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियर यांनी माणसं जमवून ट्रॅकवरचं गवत काढलं, कशासाठी तर कॉम्प्युटर गेममध्ये ट्रॅक मोजून घालायला. त्यातून लोकांच्या आठवणी जाग्या झाल्या, मग बजेटातले ते 1 कोटी 80 लाख आले.

ऑगस्ट 2022 मध्ये परत शर्यती सुरू झाल्या, आणि लक्षात घ्या, सुरुवात झाली ती लेट मॉडेलसारख्या लहान गटांनी. महिनाअखेरीच्या शर्यतीत स्वतः अर्नहार्ट ज्युनियर उतरले. स्टँड भरले. मे 2023 मध्ये मोठ्या मालिकेची ऑल-स्टार शर्यत आली, काइल लार्सन जिंकला. आणि 2026 च्या वेळापत्रकात तीस वर्षांनी गुणांची शर्यत परत मिळाली. 66 हजार वस्तीच्या काउंटीला किती आनंद झाला असेल! मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

पण म्हणूनच विचारावंसं वाटतं. आपण परत तीच चूक करतोय का? एक मोठी तारीख आली, हॉटेलं भरली, फोटो निघाले. ती तारीख ज्यांच्या हातात आहे ते ती उद्या हलवू शकतात. शहरांना हल्ली अशा तारखा मागायची घाई असते. 1996 मध्येही ट्रॅक नफ्या-तोट्यापायी नाही, तारखेपायी बंद पडला होता.

बोमन ग्रेवरही नजर ठेवायला हवी. 2024 मध्ये तिथला भाडेपट्टा नॅसकारकडेच गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये वरच्या मालिकेचे ड्रायव्हर 1971 नंतर पहिल्यांदा तिथे धावले. टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स या तिथल्या शनिवारच्या ड्रायव्हरांनीही नाव घातलं होतं. 1964 ची आठवण यावी असं दृश्य. नवीन स्टँड, नवे दिवे, सगळं छान. फक्त शनिवार महाग होऊ नये.

माझं म्हणणं थोडक्यात. सार्वजनिक पैसा ट्रॅकला द्यायला माझा विरोध नाही. पाणी, सांडपाणी, रस्ते यांचा उपयोग गावालाही होतो. पण देताना अट एकच हवी: मोठी शर्यत येवो न येवो, वर्षातल्या अमुक इतक्या रात्री हा ट्रॅक स्थानिक गाड्यांसाठी, परवडणाऱ्या तिकिटात उघडा राहील. मोठ्या फडाला जरूर बोलवा, मानपान करा. पण तो गेल्यावर मैदानात काय उरतं, त्यावर पैसे लावा. आपल्या मंडळाचंही तेच नाही का? मोठ्या कलाकाराच्या दौऱ्याला हॉल भरतो, पण मंडळ टिकतं ते रविवारच्या मराठी शाळेवर आणि कुणाच्या तरी बेसमेंटमधल्या नाटकाच्या तालमींवर.

एप्रिल ते ऑगस्ट, शनिवारी संध्याकाळी, एकदा बोमन ग्रेला जाऊन या. मुलांसाठी कानाला लावायचे हेडफोन न्या, फार आवाज असतो. आणि तुमच्यापैकी कुणी 1996 च्या आधी विल्क्सबरोला शर्यत बघितली असेल, किंवा तिकडे राहत असाल, तर खाली जरूर लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही.